किमान व्हर्जन कोणतं मागायचं? लिनक्ससाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी

एखाद्या छोट्याशा प्रोग्रामच्या माहितीत ‘पायथन ३.१२ किंवा त्यापुढचं लागेल’ असं वाचलं, की मी कोड उघडून बघते की ३.१२ मधलं यात नेमकं काय वापरलंय. बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर त्या दिवशी ३.१२ होतं, एवढंच. तो आकडा कुणी ठरवलेलाच नसतो. पण आरएचईएल ९ चा (म्हणजे रेड हॅट कंपनीच्या लिनक्सचा) सर्व्हर सांभाळणारा माणूस तो वाचतो, आपल्याकडे ३.९ आहे हे बघतो आणि दुसरा प्रोग्राम शोधायला लागतो. तुमचा कोड त्याच्याकडे कदाचित एक अक्षर न बदलता चालला असता.

मी दोन-तीन लहान प्रोग्राम सांभाळते. एक पायथनमधला आहे, तो सर्व्हरचे लॉग वाचून सकाळी सारांश मेल करतो. दुसरा रस्टमधला, डिस्कवरच्या एकसारख्या फाइली शोधणारा. त्यांच्यासाठी किमान व्हर्जन कसं ठरवते ते सांगते. माझा क्रम उलटा वाटेल: आधी मशीन ठरवायची, मग आकडा आपोआप निघतो. भाषेच्या नव्या व्हर्जनमध्ये काय काय छान आलंय हा विचार सगळ्यात शेवटी.

आधी मशीनची यादी

एका फाइलमध्ये लिहून काढा: कोणत्या डिस्ट्रोवर (डेबियन, उबुंटू यांसारख्या लिनक्सच्या प्रकारावर), कुठल्या व्हर्जनपासून पुढे, हा प्रोग्राम डिस्ट्रोच्या स्वतःच्या रिपॉझिटरीत (पॅकेजच्या साठ्यात) जे मिळतं तेवढ्यावर चालला पाहिजे? ‘तेवढ्यावर’ हा शब्द महत्त्वाचा. बाहेरून नवा पायथन आणून बसवणं तुम्हाला पाच मिनिटांचं काम असेल, पण ज्या माणसाला प्रत्येक पॅकेजसाठी परवानगी काढावी लागते त्याचं घोडं तिथेच अडतं.

पायथनपुरतं बोलायचं तर चित्र असं आहे. डेबियन ११ मध्ये ३.९, डेबियन १२ मध्ये ३.११, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३.१३. उबुंटू २२.०४ मध्ये ३.१०, २४.०४ मध्ये ३.१२. आरएचईएल ८ मध्ये मूळ पायथन ३.६, ९ मध्ये ३.९, १० मध्ये ३.१२. अल्मा आणि रॉकी आरएचईएलच्याच वाटेने जातात. आरएचईएल ८ आणि ९ वर ३.११ आणि ३.१२ ही वेगळी पॅकेजं म्हणून मिळतात खरी, पण ती आधीपासून बसवलेली नसतात आणि त्यांचा सपोर्ट मूळ पायथनइतका लांब नसतो. म्हणून ‘असतं’ आणि ‘मिळतं’ असे दोन रकाने मी वेगळे ठेवते. इतर भाषांचे आणि डिस्ट्रोंचे आकडे बघायला रिपॉलजी ही साइट उत्तम. पॅकेजचं नाव टाकलं की कुठे कोणतं व्हर्जन आहे याचा तक्ताच समोर येतो.

फेडोरा आणि आर्च या यादीत खालच्या टोकाला कधीच येत नाहीत. त्यांचा उपयोग वरच्या टोकाला. तिथे नवं व्हर्जन लवकर पोचतं आणि जुन्या गोष्टी तुटायलाही तिथेच सुरुवात होते. पायथन ३.१२ मधून डिस्टयूटिल्स (पॅकेज बांधणारं जुनं मॉड्यूल) गेलं, ३.१३ मधून सीजीआय, टेलनेटलिब, क्रिप्ट असे बरेच जुने मॉड्यूल एकदम काढले. किमान व्हर्जन ठरवताना लोक फक्त खाली बघतात. पण जुन्या पायथनवर चालावं म्हणून डिस्टयूटिल्स धरून बसलात, तर नव्या पायथनवर प्रोग्राम सुरूच होणार नाही.

दोन कॅलेंडरं

इथे खरा निर्णय आहे, म्हणून जरा थांबते.

भाषेचं एक कॅलेंडर असतं, डिस्ट्रोचं दुसरं, आणि ती जुळत नाहीत. पायथनचं नवं व्हर्जन दर ऑक्टोबरात येतं आणि त्याला साधारण पाच वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. ३.६ चा सपोर्ट डिसेंबर २०२१ मध्ये संपला, ३.९ चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. पण आरएचईएल ८ मे २०२९ पर्यंत चालणार आहे आणि आरएचईएल ९ मे २०३२ पर्यंत, आणि तोवर त्यांच्यातल्या ३.६ आणि ३.९ ला दुरुस्त्या पुरवणं हे रेड हॅटचं काम. म्हणजे ‘मेलेलं’ पायथन चालवणारा प्रत्येक माणूस निष्काळजी असतो असं नाही. त्याचं पायथन कुणीतरी सांभाळतंय, फक्त ते पायथनवाले नाहीत.

मग तुम्ही कुणाचं कॅलेंडर पाळणार? माझा हिशेब असा: प्रोग्राम सर्व्हरवर, ॲडमिन लोकांसाठी असेल, तर डिस्ट्रोचं. डेव्हलपर वापरतात अशी लायब्ररी किंवा साधन असेल, तर भाषेचं, कारण डेव्हलपर नवं व्हर्जन स्वतः आणतात. वैज्ञानिक पायथनच्या जगात याहून कडक प्रथा आहे. तिथे स्पेक शून्य नावाचा सामायिक नियम सांगतो की पायथनचं व्हर्जन बाहेर पडल्यापासून तीन वर्षांनी सोडून द्यावं. नमपाय या गणिती लायब्ररीच्या आसपास काही लिहीत असाल तर तुम्ही वेगळं ठरवून फारसा फायदा नाही. तुमच्या डिपेन्डन्सीच (ज्या बाहेरच्या लायब्रऱ्यांवर तुमचा कोड उभा आहे त्या) तुम्हाला ओढत नेतील.

माझ्या लॉगवाल्या प्रोग्रामचं किमान व्हर्जन ३.९ आहे. कारण आरएचईएल ९. भाषेच्या कॅलेंडरने ३.९ संपलंय, हे माहीत असूनही. ३.६ मात्र मी धरलं नाही: डेटाक्लास ३.७ पासून आहेत, बऱ्याच लायब्रऱ्यांनी ३.६ केव्हाच सोडलंय, आणि आरएचईएल ८ वाल्याला वेगळ्या पॅकेजातून ३.११ मिळतं.

नवं फीचर किती किमतीचं?

यादीतून आकडा निघाला की मग मोह सुरू होतात. प्रत्येक मोहाला एकच प्रश्न विचारा: हे वापरलं नाही तर मला किती ओळी जास्त लिहाव्या लागतील?

शब्दाच्या सुरुवातीचा तुकडा काढून टाकणारं रिमूव्हप्रीफिक्स ३.९ मध्ये आलं. त्याच्याशिवाय दोन ओळी लागतात. मॅच स्टेटमेंट ३.१० मधलं, एका छोट्या प्रोग्रामात त्याच्या जागी इफ-एलिफची रांग लावली तर कुणाचं काही बिघडत नाही. टाइप लिहिताना उभी रेघ वापरायची हौस असेल तर फाइलच्या वर फ्यूचरमधून ॲनोटेशन्स आयात करा, मग टाइपच्या खुणांमध्ये ती ३.७ वरही चालते. याउलट टाइमझोनसाठीचं झोनइन्फो (३.९) आणि टॉमल फाइली वाचणारं टॉमललिब (३.११) ही वेगळी गोष्ट आहे. या मॉड्यूलमुळे बाहेरची एक लायब्ररीच कमी होते. बाहेरची डिपेन्डन्सी कमी करणाऱ्या फीचरसाठी मी व्हर्जन वाढवायचा विचार करते, नुसत्या सुंदर लिखाणासाठी नाही. आणि तिथेही घाई नाही: जुन्या पायथनवर टोमली ही बाहेरची लायब्ररी, नव्यावर टॉमललिब, हे चार ओळींत जमतं.

वेगाचा मुद्दा काही लोक पुढे करतात. ३.११ हे ३.१० पेक्षा सरासरी सव्वापट वेगवान आहे असं पायथनचीच मंडळी सांगतात. बरोबर आहे, पण ज्याच्याकडे ३.११ आहे त्याला तो वेग तुम्ही न मागताच मिळतो. किमान व्हर्जन वाढवून ज्याच्याकडे ३.९ आहे त्याचा प्रोग्राम वेगवान होत नाही, बंद होतो.

चालवायला लागतं की बांधायला?

पायथन, पर्ल, नोड यांचं व्हर्जन वापरणाऱ्याच्या मशीनवर लागतं. सी, गो, रस्ट यांचं फक्त बांधणाऱ्याच्या. तयार बायनरी देत असाल तर कंपायलरचं व्हर्जन हा तुमचा, मदत करणाऱ्यांचा आणि डिस्ट्रोसाठी पॅकेज बनवणाऱ्यांचा प्रश्न. वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्याला पत्ता लागतो तो जीलिबसीचा, म्हणजे लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्राम जिच्यावर चालतात त्या मूळ सी लायब्ररीचा. नव्या डिस्ट्रोवर बांधलेली बायनरी जुन्यावर चालवली की ‘जीलिबसी २.३४ सापडलं नाही’ अशा अर्थाची चूक येते. हा २.३४ आकडा वारंवार दिसण्याला कारण आहे. ऑगस्ट २०२१ मधल्या त्या व्हर्जनात थ्रेडची वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत मिसळली आणि प्रोग्राम सुरू करणाऱ्या मूळ फंक्शनलाही नवं व्हर्जन मिळालं. त्यामुळे त्यापुढच्या जीलिबसीवर बांधलेला, फक्त एक ओळ छापणारा सी प्रोग्रामसुद्धा डेबियन ११ च्या २.३१ वर चालत नाही. कोडात नवीन काही नसताना! उपाय जुनाच आहे: यादीतल्या सर्वांत जुन्या डिस्ट्रोच्या कंटेनरमध्ये बांधा. पायथनच्या तयार व्हीलवर (बांधून ठेवलेल्या पॅकेजवर) मेनीलिनक्स २_२८ असं लिहिलेलं असतं ते यातूनच आलंय, २.२८ हे आरएचईएल ८ चं जीलिबसी. रस्टमध्ये मसल (जीलिबसीऐवजीची दुसरी सी लायब्ररी) हे टार्गेट वापरून आणि गोमध्ये सीगो (सी कोड जोडायची सोय) बंद ठेवून हा प्रश्न बऱ्याचदा टाळता येतो.

सी आणि सी++ बद्दल थोडक्यात. भाषेचं स्टँडर्ड बिल्ड फाइलमध्ये स्पष्ट लिहा, कंपायलरच्या डिफॉल्टवर सोडू नका. जीसीसी या कंपायलरमध्ये ११ पासून सी++ चं डिफॉल्ट सी++१७ झालं, जीसीसी १५ पासून सी चं सी२३. सी२३ मध्ये बूल हा कीवर्ड आहे. ज्या जुन्या कोडने स्वतःचा बूल बनवला होता तो त्या दिवशी मोडला. आणि स्टँडर्डचा आकडा पुरत नाही, कंपायलरसोबतची लायब्ररीही बघावी लागते. सी++२० म्हणून स्टँडर्ड फॉरमॅट वापराल, पण जीसीसीच्या लायब्ररीत ते १३ मध्ये आलं, आणि उबुंटू २२.०४ मध्ये जीसीसी ११ आहे. लिनक्स कर्नल याबाबतीत किती सावकाश चालतो बघा: २०२२ मधल्या ५.१८ पर्यंत तो सी८९ वर होता, मग सी११ वर आला. आणि जीसीसीचं किमान व्हर्जन ५.१ वरून ८.१ वर नेलं ते २०२५ मधल्या ६.१६ मध्ये. आरएचईएल ८ चा मूळ कंपायलर जीसीसी ८ च आहे, हा योगायोग समजू नका.

रस्ट: दर सहा आठवड्यांनी नवा मोह

रस्टचं नवं व्हर्जन दर सहा आठवड्यांनी येतं आणि रस्टअप हे रस्टचं इन्स्टॉलर वापरणाऱ्याला ते फुकटात मिळतं. त्यामुळे रस्ट लिहिणाऱ्यांना जुनं व्हर्जन ही कल्पनाच विचित्र वाटते. पण डेबियनचं पॅकेज बांधताना नेटवर्क बंद असतं. तिथे रस्टअप नाही, डिस्ट्रोमध्ये जे आहे ते आहे. डेबियन १२ मध्ये १.६३ आहे. लेट-एल्स हे भाषेतलं फीचर १.६५ मध्ये स्थिर झालं, म्हणजे दोन व्हर्जनने हुकलं. डेबियन १३ मध्ये १.८५ आहे आणि लेट-चेन्स १.८८ मध्ये आल्या. पुन्हा हुकलं. यावर चिडून उपयोग नाही.

माझा फाइली शोधणारा प्रोग्राम डेबियनच्या चालू स्थिर व्हर्जनमधलं रस्ट मागतो. नवं डेबियन आल्याबरोबर मी उडी मारत नाही. जुन्याला साधारण वर्षभर देते, कारण डेबियनची सुरक्षा टीमही जुन्याला सुमारे तेवढाच वेळ सांभाळते.

कार्गो या रस्टच्या बांधणीच्या साधनाच्या फाइलमध्ये रस्ट-व्हर्जन हा रकाना भरा. १.५६ पासूनचा कार्गो तो वाचतो आणि कंपायलर जुना असेल तर सुरुवातीलाच सरळ शब्दांत सांगतो. नाहीतर वापरणाऱ्यासमोर न समजणाऱ्या चुकांचा ढीग येतो. कोड तपासणारं क्लिपी हे साधन तोच रकाना वाचतं आणि किमान व्हर्जनपेक्षा नवी फंक्शनं वापरली की ओरडतं. पण खरी डोकेदुखी तुमच्या कोडाची नसतेच, डिपेन्डन्सीची असते. तुम्ही १.७० म्हणाल, आणि तिसऱ्या पायरीवरची कुठली तरी लायब्ररी एका लहानशा अपडेटमध्ये १.८१ मागायला लागेल. कार्गो १.८४ पासून यावर इलाज आहे: कार्गोचा रिझॉल्व्हर (व्हर्जनं निवडणारा भाग) तुमचा रस्ट-व्हर्जन बघून, जमतील अशीच डिपेन्डन्सीची व्हर्जनं पसंत करतो. रस्टच्या २०२४ एडिशनमध्ये (भाषेच्या नियमांच्या संचात) हे आपोआप चालू असतं, पण ती एडिशन १.८५ मागते. जुन्या एडिशनवर असाल तर सेटिंग हाताने लावा.

रस्ट मुळातच नव्याने आणत असाल तर आणखी एक गोष्ट. पायथनच्या क्रिप्टोग्राफी या लायब्ररीने फेब्रुवारी २०२१ मध्ये ३.४ व्हर्जनपासून बांधण्यासाठी रस्ट मागितलं, तेव्हा मोठा गदारोळ झाला. व्हर्जनचा वाद तो नव्हता. काही जुन्या प्रोसेसरांसाठी रस्टचा कंपायलरच नव्हता. तुमच्या यादीत एक्स८६ आणि आर्म एवढेच असतील तर हा मुद्दा सोडून द्या.

गोमधली ती एक ओळ

गोच्या मॉड्यूल फाइलमध्ये वरच गो आणि आकडा अशी ओळ असते. मॉड्यूल सुरू करताना गो स्वतःच आपल्या मशीनवरचं व्हर्जन बघून तिथे आकडा टाकतो, आणि पुढे कुणी त्याकडे बघत नाही. ऑगस्ट २०२३ मधल्या १.२१ पर्यंत ती नुसती सूचना होती. तेव्हापासून ती सक्ती आहे: गो जुना असेल तर तो नवा टूलचेन (कंपायलर आणि सोबतची साधनं) नेटवरून उतरवायला जातो. नेट नसेल तर थांबतो. आपल्या मशीनवर हे कळत नाही, कारण उतरवणं गुपचूप होतं. टूलचेनची सेटिंग ‘लोकल’ करून एकदा बांधून बघा, मग समजेल तुम्ही खरोखर काय मागताय. शिवाय डेबियन १२ मधल्या गो १.१९ ला १.२१.० असा तीन भागांचा आकडा वाचताच येत नाही.

मात्र ही ओळ डोळे झाकून खाली आणू नका. १.२२ पासून लूपमधल्या व्हेरिएबलचा अर्थ बदलला, आणि तो बदल लागू होतो की नाही हे याच ओळीवरून ठरतं. १.२२ चं १.२१ केलंत तर तोच कोड वेगळं वागू शकतो. खाली आणायची असेल तर आधी लूप तपासा.

बाकीच्यांचं पटकन. जावामध्ये सोर्स आणि टार्गेट वेगवेगळे देण्यापेक्षा रिलीज हा पर्याय वापरा, तो लायब्ररीतली नवी फंक्शनंही अडवतो. नोडमध्ये इंजिन्स हा रकाना भरला तरी एनपीएम फक्त इशारा देतो, अडवत नाही. शेल स्क्रिप्टमध्ये ॲरे वापरत असाल तर पहिल्या ओळीत बॅश लिहा. डेबियन आणि उबुंटूवर साधा एसएच म्हणजे डॅश, आणि त्यात ॲरे नसतात.

खरंच चालतं का ते बघणं

पायथनसाठी व्हर्मिन नावाचं साधन आहे. ते कोड वाचून सांगतं की किमान कोणतं व्हर्जन लागेल आणि कुठल्या ओळीमुळे. रस्टसाठी कार्गो-एमएसआरव्ही वेगवेगळ्या कंपायलरांनी बांधून बघत खालचं टोक शोधतं. दोन्ही सुरुवातीला चांगली, पण त्यांच्या शब्दावर आकडा छापू नका.

पॉडमॅन किंवा डॉकरमध्ये यादीतली सर्वांत जुनी डिस्ट्रो घ्या आणि तिच्याच पायथनवर टेस्ट चालवा. स्वतः बांधलेल्या पायथनवर केलेली टेस्ट पुरेशी नाही. डेबियन आणि उबुंटू पायथनचे तुकडे करून देतात. व्हेन्व्ह वेगळ्या पॅकेजात, टीकेइंटर वेगळ्या. तुमच्याकडे सगळं एकत्र असतं म्हणून हे लक्षात येत नाही. सीआयमध्ये (आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेत) सर्वांत जुनं आणि सर्वांत नवं अशी दोन टोकं रोज, मधली व्हर्जनं रिलीजआधी. डिपेन्डन्सीही दोन्ही टोकांच्या घेऊन बघा, नुसत्या ताज्या नाहीत.

पायथनचा एक बारकावा. ‘तुमचं पायथन जुनं आहे’ असा सौम्य निरोप छापायचा असेल, तर तो छापणारी पहिली फाइल जुन्या लिखाणात ठेवा आणि बाकीचा कोड तपासणीनंतर आयात करा. त्याच फाइलमध्ये मॅच असेल तर जुनं पायथन ती वाचतानाच अडखळतं आणि तुमचा निरोप कधीच छापला जात नाही.

आकडा लिहिणं आणि वाढवणं

पायप्रोजेक्ट फाइलमध्ये रिक्वायर्स-पायथन भरलं असेल तर पिप जुन्या पायथनवर तुमचं शेवटचं जमणारं रिलीज आपणहून निवडतो. म्हणून वाढवण्याची भीती बाळगू नका, फक्त रकाना विसरू नका. वरची मर्यादा मात्र घालू नका. ‘३.१४ पेक्षा कमी’ असं लिहिलंत, तर ३.१४ वाल्याला पिप ती मर्यादा नसलेलं तुमचं एखादं जुनं रिलीज शोधून देईल, आणि पायपीआयवर (पायथनच्या पॅकेजच्या साठ्यावर) चढवलेल्या रिलीजमधली ही माहिती नंतर बदलता येत नाही.

किमान व्हर्जन दुरुस्तीच्या छोट्या रिलीजमध्ये कधीही वाढवू नका. सुरक्षेची दुरुस्ती घ्यायला आलेल्या माणसाला दारातच नवा कंपायलर मागणं हा अन्याय आहे. आकड्याशेजारी कारणाची एक ओळ लिहा. माझ्या फाइलमध्ये ‘३.९, आरएचईएल ९ साठी. टॉमललिबच्या गरजेने वाढवू नये’ असं आहे. दोन वर्षांनी कुणी सुधारणा पाठवताना आकडा बदलला, तर बोलणं त्या ओळीपासून सुरू होतं.

आणि कुणीतरी ३.६ मागायला येईलच. मी त्याला तीन गोष्टी सांगते: ३.६ वर चालणारं शेवटचं रिलीज अमुक आहे आणि ते तिथेच राहील. त्यावर सुरक्षेची दुरुस्ती तू पाठवलीस तर मी घेईन, पण स्वतः करणार नाही. आणि नवंच हवं असेल तर यूव्ही हे साधन वापर, ते स्वतःचं पायथन उतरवून घेतं, सिस्टीमच्या पायथनला हात लागत नाही. चौथी गोष्ट मागितली तर नाही म्हणते.